देवघेवीचा प्रोग्रॅम स्क्रीन रीडरवर चालता करताना: कामाच्या नोंदी

ग्रंथालयाच्या देवघेवीसाठी विंडोजवरचा एक डेस्कटॉप प्रोग्रॅम मी काही वर्षांपूर्वी लिहून दिला. डब्ल्यूपीएफ (विंडोजच्या खिडक्या बांधायचं मायक्रोसॉफ्टचं साधन), डॉटनेट फ्रेमवर्क ४.६.१ (ते ज्यावर चालतं तो पाया), सात खिडक्या. देवघेवीच्या टेबलावर आता ज्या ताई रुजू झाल्या आहेत, त्यांना जन्मापासून दिसत नाही. त्या एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरतात. त्यांचं काम माझ्या प्रोग्रॅमपाशी अडलं, म्हणून हे काम हाती घेतलं. असंच काम कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी ठेवतो आहे. काम रोज संध्याकाळी, नोकरी सांभाळून. प्रत्येक नोंदीत लागलेला वेळ दिला आहे.

४ जानेवारी (२ तास)

आज फक्त शेजारी बसलो. ताईंना सांगितलं, एक पुस्तक एका सभासदाला द्या, मी मधे काही बोलणार नाही.

मुख्य खिडकी उघडली. टॅब दाबला, "बटण". पुन्हा टॅब, "बटण". असं आठ वेळा. वरच्या पट्टीवरची आठही बटणं नुसत्या चित्रांची आहेत आणि चित्राला नाव कुठेच दिलेलं नव्हतं. मग चौकटी आल्या: "संपादन, रिकामे", "संपादन, रिकामे". सभासद क्रमांकाची चौकट कुठली आणि पुस्तकाच्या दाखल क्रमांकाची कुठली, हे कळायला मार्ग नाही. त्यांनी अंदाजाने दुसऱ्या चौकटीत सभासद क्रमांक टाकला. ती दाखल क्रमांकाची निघाली. प्रोग्रॅमने चौकटीची कड लाल केली आणि गप्प बसला.

"दादा, झालं का काही?" त्यांनी विचारलं.

एक पुस्तक देण्याचा प्रयत्न अकरा मिनिटं चालला आणि पुस्तक दिलं गेलं नाही. डोळस माणसाला याला वीस सेकंद लागतात.

५ जानेवारी (३ तास)

घरच्या मशीनवर एनव्हीडीए बसवला. तो मोफत आणि मुक्तस्रोत आहे, २००६ पासून विकसित होतो आहे, त्यामुळे खर्चाचा प्रश्न आला नाही. ताई ज्या वेगाने आवाज ऐकतात तो मला अजिबात समजत नाही. त्यासाठी टूल्स मेनूतला स्पीच व्ह्यूअर चालू केला. जे बोललं जातं ते सगळं त्यात लिहून येतं. फोकस (कीबोर्ड आत्ता ज्या घटकावर आहे ती जागा) नेमका कुठे आहे हे एनव्हीडीए+टॅबने कळतं. एनव्हीडीए+एफ१ दाबलं की लॉग उघडतो आणि हाताखालच्या घटकाचं नाव, भूमिका (बटण आहे की चौकट), स्थिती सगळं त्यात दिसतं. पुढच्या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त वापरलेली कळ हीच.

सोबत ॲक्सेसिबिलिटी इनसाइट्स फॉर विंडोज हे सुगम्यता तपासणारं साधनही उतरवून घेतलं. तपासणी चालवली: मुख्य खिडकीत ६१ चुका. हा आकडा शून्यावर आणायचा असं ठरवलं. हा निर्णय चुकीचा होता, पण ते कळायला दोन आठवडे गेले.

८ ते ११ जानेवारी (७ तास)

नावं देण्याचं काम. चित्रांच्या बटणांना ऑटोमेशनप्रॉपर्टीज.नेम (स्क्रीन रीडरला कळणारं नाव) लावलं. चौकटीशेजारचा मजकूर मी सगळीकडे टेक्स्टब्लॉकमध्ये (नुसता मजकूर दाखवणाऱ्या घटकात) लिहिला होता. दिसायला तो चौकटीचा मथळा असतो, पण स्क्रीन रीडरच्या दृष्टीने दोघांचा काही संबंध नसतो. जिथे जमलं तिथे टेक्स्टब्लॉक काढून लेबल घातलं आणि त्याच्या टार्गेटमध्ये चौकट दिली. बाकी ठिकाणी चौकटीवर लेबल्डबाय (नाव त्या मजकुरातून घे) लावलं. लेबल्डबाय बरं, कारण उद्या मथळा बदलला तर नाव आपोआप बदलतं. नेममध्ये वेगळं लिहून ठेवलं की दोन जागी सांभाळावं लागतं.

दोन चुका केल्या. पहिली, मी नावातच "बटण" लिहिलं: "जतन करा बटण". घटकाची भूमिका स्क्रीन रीडर स्वतः सांगतो, त्यामुळे ऐकू यायचं "जतन करा बटण बटण". बावीस ठिकाणी परत जाऊन काढलं. दुसरी, उत्साहाच्या भरात प्रत्येक चौकटीला हेल्पटेक्स्टमध्ये दोन-दोन ओळींची माहिती दिली. ताईंनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "दादा, हे रोज शंभर वेळा ऐकायचंय मला. नाव पुरे." सगळं काढलं. फक्त तारखेच्या चौकटीत तारीख कशी लिहायची तेवढं ठेवलं, कारण ते त्यांनीच मागितलं.

१४ जानेवारी (४ तास)

याद्या. सभासदाकडे असलेल्या पुस्तकांच्या यादीवर बाण फिरवला की प्रत्येक रकान्यात ऐकू येत होतं: "आयटम: देवघेव.मॉडेल.पुस्तक, कॉलम डिस्प्ले इंडेक्स: ०". पुढच्या रकान्यात तेच, फक्त शेवटी १. खरा मजकूर या सगळ्याच्या मागे.

डब्ल्यूपीएफला यादीतल्या वस्तूचं नाव मिळालं नाही की तो तिचं टूस्ट्रिंग (वस्तूचं शब्दांतलं रूप) विचारतो, आणि ते लिहिलेलं नसेल तर क्लासचं (कोडमधल्या वस्तूच्या प्रकाराचं) पूर्ण नाव परत येतं. डोळ्यांना हे कधीच दिसत नाही, कारण टेम्प्लेटमध्ये (मांडणीच्या साच्यात) आपण हवं ते मांडलेलं असतं. पुस्तक, सभासद आणि देवघेव या तिन्ही क्लासमध्ये टूस्ट्रिंग लिहिलं. प्रत्येकी एक ओळ. एवढ्याने चौदा याद्या आणि ड्रॉपडाउन एकदम सुधारले. या अख्ख्या कामात सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त फायदा इथे झाला, म्हणून कुणी आज सुरुवात करत असेल तर आधी हेच करावं.

डेटाग्रिडमधलं (ओळी-रकान्यांच्या यादीतलं) "आयटम" आणि "कॉलम डिस्प्ले इंडेक्स" मात्र तेवढ्याने गेलं नाही. ते फ्रेमवर्कचं स्वतःचं वाक्य आहे. सेलस्टाइलमध्ये प्रत्येक रकान्याचं नाव त्यातल्या मजकुराशी बांधल्यावर गेलं.

१८ जानेवारी (१ तास)

तपासणीत शून्य चुका. आनंदाने ताईंना नवीन आवृत्ती दिली. पुस्तक द्यायला नऊ मिनिटं लागली आणि शेवटी ते दिलं गेलं की नाही हे त्यांना कळलं नाही.

६१ चुका काढून दोन मिनिटं वाचली. तपासणीचं साधन सांगतं की प्रत्येक घटकाला नाव आहे का, भूमिका आहे का. कळ दाबल्यावर पुढे काय झालं ते माणसाला कळलं का, हे ते सांगू शकत नाही. मी सतरा तास अर्धाच प्रश्न सोडवत होतो. आजपासून मोजमाप बदललं: ताईंना एक पुस्तक द्यायला आणि एक परत घ्यायला किती वेळ लागतो, तेवढंच.

१९ आणि २१ जानेवारी (५ तास)

टॅबचा क्रम. डब्ल्यूपीएफमध्ये तो एक्सएएमएलमधल्या (खिडकीची मांडणी लिहिलेल्या फाइलमधल्या) क्रमाने जातो, पडद्यावरच्या जागेने जात नाही. मी वेळोवेळी घटक फाइलच्या शेवटी जोडत गेलो होतो आणि ग्रिडच्या ओळी-स्तंभांनी त्यांना वर नेऊन बसवलं होतं. त्यामुळे फोकस सभासदावरून थेट खाली "बंद करा"वर आणि तिथून परत वर दाखल क्रमांकावर उडी मारायचा. टॅबइंडेक्सचे आकडे घालून बघितले, दोन खिडक्यांत ते आणखी बिघडलं. शेवटी फाइलमधलाच क्रम बदलला आणि सगळे टॅबइंडेक्स काढून टाकले.

शिवाय "मुदतवाढ" ही दिसायला बटण असली तरी बॉर्डर (नुसती कड) होती, तिच्यावर माउसची घटना बांधलेली. कीबोर्डने तिथे पोचताच येत नव्हतं. असे पाच घटक सापडले. पाचही खरी बटणं केली, रूप टेम्प्लेटने तेच ठेवलं.

२३ जानेवारी ते १ फेब्रुवारी (१६ तास, त्यातले ८ वाया)

पुस्तक दिल्यावर खालच्या पट्टीवर दोन सेकंद हिरव्या अक्षरांत सूचना येते. ती बोलली गेली पाहिजे. एवढंच काम, आणि याच कामाने सगळ्यात जास्त दमवलं.

आधी चुकीच्या वाटेने गेलो. एनव्हीडीएसाठी एक कंट्रोलर क्लायंट डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅमने वापरायची कोडची फाइल) मिळते, तिला मजकूर दिला की तो बोलला जातो. लगेच चालली. मग लक्षात आलं की उद्या कुणी जॉज किंवा नॅरेटर हे दुसरे स्क्रीन रीडर वापरणारं आलं तर हे सगळं मुकं. चार संध्याकाळी त्यात घालवल्यावर काढून टाकलं.

योग्य वाट लाइव्हसेटिंगची, म्हणजे बदललेला मजकूर कुठल्याही स्क्रीन रीडरला कळवण्याची. पण ती डब्ल्यूपीएफमध्ये ४.७.१ पासून आहे, आणि आमचा प्रोग्रॅम ४.६.१ वर. थेट ४.८ वर नेला. २०१९ च्या मे महिन्यातल्या आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये ४.८ मुळातच असतं, त्यामुळे वेगळं काही बसवावं लागलं नाही. नवीन टार्गेट दिल्याने फ्रेमवर्कमधल्या सुगम्यतेच्या नंतरच्या सुधारणाही आपोआप चालू झाल्या. जुन्या टार्गेटवर राहिलं तर त्यासाठी स्विच वेगळे द्यावे लागतात.

लाइव्हसेटिंग पोलाइट (चालू बोलणं संपल्यावर बोल) केलं. शांतता. नुसतं ते लावून काही होत नाही, मजकूर बदलल्यावर लाइव्हरीजनचेंज्ड ही घटना आपण उठवावी लागते. उठवली. तरी शांतता. सूचना नसताना ती पट्टी मी कोलॅप्स्ड (पूर्ण लपवलेली) ठेवत होतो, त्यामुळे ऐन वेळी तो घटक स्क्रीन रीडर वाचतो त्या घटकांच्या झाडात नसायचाच. पट्टी कायम ठेवली, फक्त मजकूर रिकामा केला. बोलायला लागली.

आणि २९ तारखेला सगळ्यात वाईट चूक सापडली. प्रोग्रॅम मागची सूचना बोलत होता. घटना उठायची तेव्हा बाइंडिंगने (मजकूर पडद्यावरच्या घटकाला जोडणाऱ्या दुव्याने) नवा मजकूर अजून पोचवलेला नसायचा, म्हणून आधीचा वाचला जायचा. मी चाचणीत एकच पुस्तक पुन्हा पुन्हा देत होतो, दोन्ही सूचना सारख्याच, त्यामुळे मला कळलंच नाही. ताईंनी तीन वेगवेगळी पुस्तकं दिली तेव्हा गोंधळ झाला. एक पुस्तक नाकारलं गेलं होतं आणि त्यांनी ऐकलं "दिले". मुका प्रोग्रॅम परवडला, कारण तो गप्प आहे हे माणसाला कळतं. चुकीचं बोलणाऱ्यावर माणूस विश्वास ठेवतो. ती आवृत्ती त्याच रात्री परत घेतली.

कायमचा उपाय: ४.८ मधलं रेजनोटिफिकेशनइव्हेंट. यात बोलायचा मजकूर थेट हातात देता येतो, पडद्यावरच्या घटकाने तो वाचून घ्यायची वाट बघावी लागत नाही. जुन्या सूचना रांगेत असतील तर त्या सोडून ताजी बोल, असंही सांगता येतं. लाइव्हरीजन काढून सगळ्या सूचना यावर नेल्या.

३ फेब्रुवारी (३ तास)

ही नोंद सविस्तर लिहितो, कारण हे मला कुठेही वाचायला मिळालं नव्हतं.

आमचा बारकोड स्कॅनर संगणकाला कीबोर्डच वाटतो. तो आकडे टाइप करतो आणि शेवटी एंटर मारतो. स्क्रीन रीडरचं बोलणं पुढची कळ दाबली की तुटतं, तसंच असायला हवं, नाहीतर माणूस ताटकळेल. म्हणजे ताईंनी लगोलग दुसरं पुस्तक स्कॅन केलं की पहिल्या पुस्तकाची सूचना मधेच तुटते.

माझी सूचना अशी होती: "दाखल क्रमांक १२०४७ हे पुस्तक सभासद क्रमांक ४१२ यांना दिले." आणि नाकारताना: "दाखल क्रमांक १२०४७ हे पुस्तक सभासद क्रमांक ४१२ यांना देता येत नाही." दोन्ही वाक्यं शेवटच्या शब्दापर्यंत सारखी. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि "नाही" त्याच्याही शेवटी. वाक्य तुटलं की नेमका निकालच गळतो. ताईंना आकडे ऐकू येत होते आणि दिलं की नाकारलं ते येत नव्हतं. स्कॅनर स्वतःचा "पीप" करतो, पण तो फक्त बारकोड वाचला गेला एवढंच सांगतो.

दिसणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, कारण डोळा अख्खं वाक्य एकदम उचलतो, वर रंगही असतो. कानाला शब्द एकामागून एक मिळतात.

सगळ्या सूचना उलट्या केल्या. आता: "दिले. १२०४७. सभासद ४१२." आणि "नाही. मुदत संपलेली दोन पुस्तकं बाकी. सभासद ४१२." पहिला शब्द निकाल, मग कारण, मग तपशील. सत्तावीस सूचना बसून एकेक बदलल्या, ताईंना वाचून दाखवल्या. त्यांनी चार बदलायला लावल्या. "परत घेतले" आणि "परत घेता येत नाही" यांची सुरुवात सारखी होत होती, तिथेही "नाही" पुढे आलं. लिहिलेलं वाचताना ही वाक्यं थोडी तुटक वाटतात. ती मुद्दाम तशी आहेत, कुणी पुढे जाऊन ती "शुद्ध" करू नयेत म्हणून कोडमध्ये टीप लिहून ठेवली.

६ फेब्रुवारी (४ तास)

नकार मात्र कानावरून निसटून चालणार नाही, म्हणून त्यासाठी संवादखिडकी आणली. पहिल्याच दिवशी फसलं. ताईंनी पुढचं पुस्तक स्कॅन केलं, स्कॅनरने शेवटी एंटर मारला आणि त्या एंटरने खिडकी बंद झाली. त्यांनी न ऐकताच. एक पुस्तक नोंद न होता बाहेर जाणार होतं, सभासद दारातूनच परत आले म्हणून सापडलं.

बटणाचं इझडिफॉल्ट (एंटरने आपोआप दाबलं जाणं) काढलं. तरी तेच. डब्ल्यूपीएफमध्ये ज्या बटणावर फोकस आहे ते एंटरने दाबलं जातंच, डिफॉल्ट असो वा नसो. आता खिडकी उघडली की फोकस बटणावर न जाता मजकुराच्या चौकटीत जातो. ती फक्त वाचण्यासाठी आहे. मजकूर आपोआप वाचला जातो, बाणांनी पुन्हा ऐकता येतो, आणि खिडकी फक्त एस्केपने बंद होते. दोन स्कॅन आले तरी ती हलत नाही.

आधीची संवादखिडकी खरी खिडकी नव्हतीच, हेही इथे लिहून ठेवतो. मुख्य खिडकीवर काळसर पडदा टाकून मी मधे एक ग्रिड दाखवत होतो. दिसायला छान, पण टॅब पडद्यामागच्या बटणांवर सहज जायचा. आता सगळीकडे ओनर (मागची खिडकी) देऊन शोडायलॉग, म्हणजे बंद होईपर्यंत मागे जाऊ न देणारी खरी खिडकी.

१० आणि ११ फेब्रुवारी (६ तास)

पुस्तक परत घेतलं की यादीतली ओळ नाहीशी होते, आणि तिच्यासोबत फोकसही. तो खिडकीवर जाऊन पडायचा. ताईंना दर पुस्तकाला टॅब मारत पुन्हा यादीपर्यंत यावं लागे, नऊ टॅब.

ओळ काढल्यावर त्याच जागेवरच्या पुढच्या ओळीवर फोकस टाकायचा, शेवटची असेल तर तिच्या आधीच्या ओळीवर, यादी रिकामी झाली तर दाखल क्रमांकाच्या चौकटीत. लिहायला सोपं. पण लांब यादीत पडद्याबाहेरच्या ओळी प्रत्यक्षात तयारच केलेल्या नसतात, त्यामुळे कंटेनरफ्रॉमइंडेक्स (त्या क्रमांकाची ओळ शोधून देणारं) रिकामं परत यायचं. आधी स्क्रोलइनटूव्ह्यू, मग अपडेटलेआउट, मग फोकस, आणि हे सगळं डिस्पॅचरवर (कामांच्या रांगेवर) कमी प्राधान्याने, म्हणजे ओळ काढण्याचं काम आटोपल्यावर. आणखी एक: फोकस ओळीवर टाकून भागत नाही, तिच्यातल्या रकान्यावर टाकावा लागतो, नाहीतर बाण यादीच्या सुरुवातीपासून चालायला लागतात.

लाल कडेचंही आज उरकलं. चूक असेल तर फोकस त्या चौकटीत आणि चुकीचं कारण तेवढ्यापुरतं हेल्पटेक्स्टमध्ये. चूक सुधारली की ते रिकामं.

१५ फेब्रुवारी (२ तास)

एनव्हीडीएचा स्क्रीन कर्टन चालू करून, म्हणजे पडदा पूर्ण काळा करून, मी स्वतः दहा पुस्तकं दिली आणि दहा परत घेतली. सहाव्या पुस्तकाला हरवलो. "नवीन सभासद" खिडकी बंद केल्यावर आपण कुठल्या सभासदाच्या पानावर आहोत हे कळेना. खिडकीचं शीर्षक सगळीकडे एकच होतं, प्रोग्रॅमचं नाव. आता शीर्षकात आधी सभासद क्रमांक, मग खिडकीचं नाव. एनव्हीडीए+टी दाबलं की ताईंना आपण कुठे आहोत ते लगेच कळतं. हे पहिल्या दिवशी पडदा काळा करून बघितलं असतं तर तेव्हाच सापडलं असतं.

२२ फेब्रुवारी (३ तास)

ताईंची वेळ मोजली. पुस्तक देणं २४ सेकंद, परत घेणं १५ सेकंद. लागोपाठ पाच पुस्तकं, मधे एक नकार, सगळ्या नोंदी बरोबर. त्यांनी मला शेजारी बसू दिलं नाही, "तुम्ही तिकडे बसा, मी विचारेन," म्हणाल्या. विचारलं नाही.

नंतर त्यांनी तीन गोष्टी मागितल्या: दाखल क्रमांकाच्या चौकटीत थेट जायला एक कळ, शेवटची सूचना पुन्हा ऐकायला एक कळ, आणि वरच्या पट्टीतली तीन बटणं टॅबच्या वाटेतून काढणं. पहिल्या दोन आजच केल्या. तिसरी करणार नाही असं मी म्हटलं, कारण दुसऱ्या कुणा कीबोर्ड वापरणाऱ्याला ती लागतील. त्यांनी ते मान्य केलं, पण पट्टी शेवटी तरी न्या म्हणाल्या. नेली.

१ मार्च (३ तास)

आतापर्यंत ५९ तास. राहिलेलं काम: मासिक अहवालातला आलेख कॅनव्हासवर (चित्रासारखा) काढलेला आहे, स्क्रीन रीडरला तिथे काहीच सापडत नाही. आलेखाला वाचा देण्यात दोन तास घालवले, मग ताईंना विचारलं. त्यांना आलेख नको आहे, त्यामागचे आकडे हवे आहेत. त्याच खिडकीत तक्ता घातला, तासाभरात झालं.

छपाईपूर्व दृश्य अजून पूर्ण मुकं आहे. थकीत पुस्तकांची पत्रं ताई आत्ता दुसऱ्या सहकाऱ्याकडून तपासून घेतात. पुढच्या आठवड्यात ते.